सिडनी ते ब्रोकन हिल: पाण्याच्या मागे मागे आउटबॅक

सिडनीतले आमच्या ओळखीचे बहुतेक मराठी लोक सुट्टीत गोल्ड कोस्ट, मेलबर्न नाहीतर न्यूझीलंड करतात, आणि आउटबॅक, म्हणजे देशाच्या आतला कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख, म्हणलं की विमानाने उलुरूचा लाल खडक. ते छानच आहे, पण आपण राहतो त्या न्यू साउथ वेल्सचाच जवळजवळ सगळा पसारा ब्लू माउंटन्सच्या पलीकडे आहे आणि तिकडे कोणी फिरकत नाही. "तिकडे काय आहे?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की शेवटी हे लिहायलाच घेतलं. सध्या माझे बाबा लातूरहून आमच्याकडे आलेत, त्यांची औशाजवळ कोरडवाहू शेती, सोयाबीन आणि तूर, आणि त्यांना ऑपेरा हाउस दाखवलं तेव्हा ते जेवढे खुश झाले त्याच्या दुप्पट ते ट्रेनमधून शेतं दिसली तेव्हा झाले होते, म्हणून जुलैच्या शाळेच्या सुट्टीत ठरवलं की गाडीने पार राज्याच्या पश्चिम टोकाला, ब्रोकन हिल ह्या खाणीच्या शहरापर्यंत जायचं, बाबा, आम्ही दोघं आणि आमची लेक.

शनिवार, सिडनी ते डबो

साधारण ३९० किलोमीटर. पहाटे निघालो. बाबा माळकरी आहेत त्यामुळे जेवणाची सोय आपली आपण, डिकीत छोटा राइस कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, आणि पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन. लिथगो उतरलं की डोंगर मागे पडतात. बाथर्स्टला माउंट पॅनोरमाच्या रेसट्रॅकवरून गाडी फिरवली, तो एरवी सार्वजनिक रस्ताच आहे, कोणीही जाऊ शकतं, फक्त लिमिट ६० चं. पुढे ऑरेंज, वेलिंग्टन. वेलिंग्टनच्या जवळच बरेंडाँग धरण आहे, मॅक्वारी नदीवरचं, १९६७ सालचं. हे नाव लक्षात ठेवा कारण पुढचे दोन दिवस आम्ही ह्याच धरणाचं पाणी पित होतो. डबोला लोक झू साठी जातात, आम्ही मुक्कामापुरतं थांबलो.

रविवार, डबो ते कोबार

डबो सोडलं की जमीन सपाट होत जाते आणि आभाळ मोठं होत जातं. नॅरोमाइन, ट्रँगी, नेव्हरटायर अशी एकेका रस्त्याची गावं, एक पब, एक पोस्ट, धान्याचे उंच सायलो, आणि दर गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांच्या नावांचं स्मारक, गाव एवढंसं आणि नावांची यादी केवढी तरी, वाचताना वाईट वाटतं.

ट्रँगीजवळ शेताच्या कडेला पिवळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले मोठाले गोल गठ्ठे ओळीने ठेवलेले दिसले आणि बाबा एकदम ताठ बसले. "थांबव थांबव, कापूस हाय तो." खरंच कापूस होता, वेचणी होऊन गेलेली, जिनिंगला जायच्या वाटेवर. बाबा खाली उतरले, कुंपणाच्या बाहेरच उभे राहिले, रस्त्याच्या कडेला वाऱ्याने उडून आलेलं बोंडातलं थोडं सरकी-कापूस उचलून बोटांनी ओढून धागा किती लांब येतो ते बघितलं. मग म्हणाले, "धागा चांगलाय. पर वेचणारी माणसं कुठायत?" नवऱ्याने सांगितलं, माणसं नसतात, एकच मशीन वेचतं आणि आतल्या आत गोल गठ्ठा बांधून मागे टाकतं. बाबांनी एवढंच विचारलं, "आन् पाणी कुठलं?" ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच बरेंडाँग, मॅक्वारीचं पाणी कॅनॉलने शेतात घेतात. मी तेव्हा हे सहज सांगून टाकलं पण बाबांचा हा प्रश्न पुढे दर गावात निघाला आणि खरं सांगायचं तर त्या प्रश्नामुळेच ही ट्रिप मला समजली.

निंगनला चहा केला. इथे बोगन नदी, एरवी ओढ्याएवढी. एप्रिल १९९० मध्ये हिला पूर आला तेव्हा गावकऱ्यांनी दिवसरात्र वाळूच्या पोती भरून बांध घातला होता, तरी पाणी आत शिरलं आणि सगळं गाव हेलिकॉप्टरने हलवावं लागलं. गाव दोन-अडीच हजारांचं आणि चहूकडे पाणी. त्याची आठवण म्हणून स्टेशनजवळ हेलिकॉप्टर ठेवलंय. स्टेशन आता म्युझियम आहे, तिथल्या फोटोत म्हाताऱ्या बायका आणि पोरं हेलिकॉप्टरकडे वाकून पळताना दिसतात. कोरड्या मुलखात पाणी येतं ते असं येतं.

निंगनच्या पुढे कोबारपर्यंत १३० किलोमीटर, आणि इथून माती लाल व्हायला लागते. हळूहळू नाही, एका वळणानंतर बघावं तर लाल. कोबार तांब्याचं गाव. १८७० मध्ये तळी खोदायचं काम करणारे तिघेजण आदिवासी वाटाड्यांबरोबर इथल्या एका पाणवठ्यावर उतरले, काठावर हिरवट निळे डाग असलेले दगड दिसले ते त्यांनी खिशात घातले, आणि पुढे एका कॉर्निश बाईने ते बघून हे तांबं आहे म्हणून सांगितलं. म्हणजे पाण्यासाठी थांबले म्हणून खाण सापडली. पण खाण आली, माणसं आली आणि पाणी काही पुरेना. आज कोबारच्या नळाला जे येतं ते मॅक्वारीचं पाणी, आधी कॅनॉलने बोगनमध्ये म्हणजे निंगनला, आणि तिथून पाइपने इथे. बाबांनी मोटेलच्या नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायलं आणि म्हणाले गोड आहे.

संध्याकाळी फोर्ट बर्क हिलवर गेलो, तिथून जुनी उघडी खाण थेट पायाखाली दिसते, एवढा मोठा खड्डा आणि मागे सगळं गाव. अवश्य जा. गावातल्या ग्रेट वेस्टर्न हॉटेलचा वरचा लाकडी व्हरांडा अख्ख्या ब्लॉकभर जातो, तोही बघण्यासारखा.

सोमवार, कोबार ते विल्कॅनिया ते व्हाइट क्लिफ्स

हा सगळ्यात मोकळा रस्ता. कोबार ते विल्कॅनिया २६० किलोमीटर आणि मधे फक्त एक एमडेल रोडहाउस. टाकी फुल केल्याशिवाय कोबार सोडू नका, फोनला रेंज गावाबाहेर पाच-दहा मिनिटांत जाते. रस्ता डांबरी आणि एकदम छान, पण सकाळी आणि संध्याकाळी कांगारू, इमू आणि बकऱ्या. बकऱ्या म्हणजे अक्षरशः शेकडो, काळ्या पांढऱ्या तांबड्या, कोणाच्याही नाहीत, गोऱ्यांनी आणलेल्या आणि मग रानात सुटलेल्या. आता शेतकरी त्यांना धरून विकतात, बकऱ्याचं मटण निर्यात करण्यात ऑस्ट्रेलिया जगात पहिला आहे आणि त्यातलं कितीतरी ह्याच पट्ट्यातून जातं. लेकीने मोजायला सुरुवात केली होती, मग सोडून दिलं.

समोरून रोड ट्रेन येते तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरायचं, साडेछत्तीस मीटरपर्यंत लांबीचे ट्रक असतात आणि बाजूने गेले की गाडी हलते. आणि समोरचा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो. दुपारपर्यंत बाबा पुढच्या सीटवरून प्रत्येकाला हात वर करायला लागले होते, एकही सोडला नाही. ज्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर तासभर कोणी येणार नाही तिथे हा नमस्कार किती कामाचा आहे ते तिथे गेल्यावरच कळतं.

विल्कॅनिया. ह्या गावाबद्दल सिडनीत आम्हाला अनेकांनी "तिथे थांबू नका, सरळ पुढे जा" असं सांगितलं होतं आणि मला आता त्या सल्ल्याचा राग येतो. आम्ही थांबलो, नदीकाठी जेवलो, पुलावर फिरलो, आणि ट्रिपमधलं माझं सगळ्यात आवडतं गाव हेच. डार्लिंग नदीच्या काठावर, नदीला इथले बार्कान्जी आदिवासी लोक बाका म्हणतात आणि ते स्वतः नदीचे लोक. १८८० च्या दशकात हे मोठं बंदर होतं, समुद्रापासून शेकडो मैल आत असूनही, वाफेच्या बोटी लोकरीच्या गासड्या भरलेले तराफे ओढत खाली मरे नदीपर्यंत न्यायच्या. दगडी पोस्ट ऑफिस, कोर्ट, पोलीस स्टेशन, सगळी त्या काळची आणि अजून भक्कम. १८९६ चा लोखंडी पूल अजून आहे, त्याचा मधला भाग बोटीसाठी वर उचलला जायचा, ते उचलायचे मनोरे आणि कप्प्या दिसतात. पण नदी बेभरवशाची, दुष्काळात बोटी महिनोन्महिने चिखलात रुतून पडायच्या, मग रेल्वे आली आणि बंदर संपलं.

नदीत पाणी होतं आम्ही गेलो तेव्हा, दुधाळ तपकिरी, हळू. काठावर दोन मुलं गळ टाकून बसली होती आणि त्यांच्याबरोबर त्यांची आजी. आजीने बाबांना विचारलं कुठून आलात, मी मधे बसून भाषांतर करत होते. बाबांनी सांगितलं आमच्या मांजरा नदीचं धरण कोरडं पडलं होतं. आजी म्हणाली आमची बाका पण पडली होती, पोरं नदीच्या तळात चालत होती. २०१८ ते २०२० मध्ये हे झालं, मोठा दुष्काळ होताच, पण वरच्या अंगाला मॅक्वारीसारख्या उपनद्यांवर धरणं आणि कापसाच्या शेतांसाठी उपसा, त्यामुळे खाली येणारं पाणी आधीच कमी झालेलं. बार्कान्जी लोकांनी जमिनीच्या हक्काची केस १८ वर्षं लढवली आणि २०१५ मध्ये जिंकली, राज्यातला तो सगळ्यात मोठा भूभाग, पण नदीत पाणी किती सोडायचं ते दूर कुठेतरी ठरतं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गाडीत म्हणाले, "काल तो कापूस बघून मला बरं वाटलं होतं." कापूस पिकवणाऱ्याला दोष द्यायचा त्यांचा हेतू नव्हता, त्यांनी स्वतः पिकवलाय, पण वर राहणाऱ्याने खाली कोण राहतं ते कधीतरी येऊन बघावं, हे ते म्हणाले आणि मला ते शंभर टक्के पटतं.

विल्कॅनियाहून उत्तरेला ९३ किलोमीटर व्हाइट क्लिफ्स. १८८९ मध्ये कांगारूंची शिकार करणाऱ्यांना इथे ओपल हे रंगीत चमकणारं रत्न सापडलं. गावाजवळ पोचलो की जमिनीवर पांढऱ्या मातीचे हजारो ढीग आणि प्रत्येक ढिगाशेजारी एक खड्डा, पोरांचा हात सोडू नका आणि मागे मागे चालत फोटो काढू नका. लोक राहतात टेकडीच्या पोटात, जुन्या खाणी कोरून केलेल्या घरांमध्ये. आम्ही पण जमिनीखालच्या मोटेलमध्ये राहिलो. भिंती कुदळीने तासलेल्या, वर चुना, खिडकी नाही, आणि बाहेर ४५ असो की ३, आत कायम २२ च्या आसपास. आम्ही गेलो तेव्हा बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, आत गोधडी पण नको. बाबा भिंतीवर हात फिरवत म्हणाले, "हे तर पेव हाय." गावाकडे ज्वारी साठवायचं जमिनीतलं पेव, तेच, फक्त माणसांसाठी. दिवा बंद केल्यावर मात्र असा अंधार होतो की डोळे उघडे की मिटलेले ते कळत नाही, लेक माझ्या कुशीत येऊन झोपली.

मंगळवार, व्हाइट क्लिफ्स ते ब्रोकन हिल

सकाळी एका ओपलच्या दुकानात गेलो, दुकान म्हणजे मालकाचं घरच. त्याने आम्हाला ओपल पाइनॅपल दाखवलं, चहूकडून टोकं निघालेला एक गोळा, मुठीएवढा, हा प्रकार जगात फक्त व्हाइट क्लिफ्सला सापडतो. मूळचे दुसऱ्याच खनिजाचे स्फटिक थंडगार समुद्राच्या गाळात तयार झाले, ते विरघळून गेले आणि त्यांच्या साच्यात ओपल भरलं. म्हणजे हे वाळवंट एकेकाळी समुद्राचा तळ होता. त्याने पाण्याचा स्प्रे मारून उन्हात धरलं तेव्हा हिरवा, निळा आणि एका कोपऱ्यात लाल असा चमकला की लेकीने श्वासच रोखला. विकत घ्यायची ऐपत नव्हती पण त्याने हातात दिलं, ते पुष्कळ झालं.

परत विल्कॅनिया, पेट्रोल, आणि मग जवळजवळ २०० किलोमीटर पश्चिमेला. झाडं संपतात, सॉल्टबुशची राखाडी झुडपं राहतात, मेलेल्या कांगारूवर बसलेले वेज-टेल्ड गरुड गाडी अगदी जवळ आली तरच उडतात. ब्रोकन हिलला शिरताना घड्याळ अर्धा तास मागे करायचं, कारण हे शहर साउथ ऑस्ट्रेलियाची वेळ पाळतं. त्या राज्याच्या राजधानीच्या, म्हणजे अॅडलेडच्या बाजूची रेल्वे इथे १८८८ मध्येच आली आणि सिडनीची थेट रेल्वे यायला १९२७ उजाडलं, तोपर्यंत सगळा संसार अॅडलेडशी जुळून गेलेला.

बुधवार, ब्रोकन हिल

शहराच्या बरोबर मधून खाणीच्या राडारोड्याचा काळा डोंगर जातो, त्याला लाइन ऑफ लोड म्हणतात. १८८३ मध्ये चार्ल्स रॅस्प नावाच्या मेंढवाड्याच्या कुंपणं बघणाऱ्या कामगाराला इथे दगड सापडले, त्याला वाटलं कथील आहे, निघालं चांदी, शिसं आणि जस्त. सात जणांनी मिळून भागीदारी केली, १८८५ मध्ये कंपनी झाली, ब्रोकन हिल प्रोप्रायटरी, म्हणजे आजची बीएचपी. रस्त्यांची नावं अर्जेंट, क्लोराइड, सल्फाइड, ब्रोमाइड, आयोडाइड. लेकीचं केमिस्ट्री चालू झालंय, तिने प्रत्येक पाटीचा फोटो काढला.

डोंगरावर खाणकामगारांचं स्मारक आहे, ८०० हून जास्त नावं, आणि प्रत्येकापुढे तो कशाने गेला ते. दरड कोसळून. शाफ्टमध्ये पडून. शिशाची विषबाधा. तेच तेच परत परत. सोळा-सतरा वर्षांची पोरं सुद्धा आहेत. इथल्या युनियन का एवढ्या जबरदस्त होत्या ते ही भिंत वाचल्यावर कळतं, १९१९-२० मध्ये दीड वर्ष संप चालला आणि त्यातून आठवड्याला ३५ तासांचं काम मिळवलं, जगात फार कमी ठिकाणी तेव्हा असं होतं. आपल्याकडच्या गिरणी संपाची गोष्ट ज्यांनी घरात ऐकलीय त्यांनी इथे जरूर जावं.

आता पाणी. वर्षाला सरासरी २५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आमच्या लातूरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि वर भरवस्तीचं खाणीचं शहर. सुरुवातीच्या वर्षांत खराब पाण्याने टायफॉइडची साथ आली, माणसं मेली. मग १८९२ मध्ये स्टीफन्स क्रीकचा तलाव झाला, तोही दुष्काळात आटायचा. तेव्हा ब्रोकन हिलला रेल्वेने पाणी आणायचे! हे वाचल्यावर आम्ही सगळे थांबलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजहून लातूरला पाण्याची ट्रेन आली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर, बाबा तेव्हा लातूरला भावाकडे होते, ती बघायला स्टेशनवर लोटलेली गर्दी त्यांनी पाहिलीय. भावाकडे नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नव्हतं, वहिनी रात्री दोनला टँकरच्या रांगेत उभी राहायची. बाबा म्हणाले, "म्हंजे ही पण आपलीच माणसं." १९५२ मध्ये डार्लिंगकाठच्या मेनिंदीहून पाइपलाइन आली तेव्हा कुठे शहर सुटलं.

उंटवाल्यांची मशीद पण बघितली, लाल रंगाच्या पत्र्याची, एका खोलीएवढी. रेल्वे नव्हती तिथे माल वाहायचं काम अफगाणिस्तान आणि तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेल्या उंटवाल्यांनी केलं, बलुच, पठाण, पंजाबी, सिंधी, सगळ्यांना इथे सरसकट अफगाण म्हणायचे. ठरावीक वेळेलाच उघडते, आधी चौकशी करून जा.

फ्लाइंग डॉक्टर म्हणजे दूरच्या वस्त्यांवर विमानाने डॉक्टर पोचवणारी सेवा, तिचा इथला तळ चुकवू नका. १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधल्या क्लोनकरीहून पहिलं विमान उडालं, आज इथूनही उडतात. मला आवडलं ते औषधांचं खोकं. दूरच्या शेतावर एक पेटी ठेवलेली असते, प्रत्येक औषधाला नंबर, फोनवर (पूर्वी रेडिओवर) डॉक्टर सांगणार अमुक नंबरची गोळी द्या, वाचता येवो न येवो नंबर तर कळतो. १९४२ पासून चालू आहे ही पद्धत. आपल्याकडे पाड्यांवर, वाड्या-वस्त्यांवर आशाताईंच्या हातात अशी पेटी आणि पलीकडे चोवीस तास डॉक्टर असेल तर काय होईल असं मनात आलं.

जेवणाचं: पबमध्ये शाकाहारी माणसाला चिप्सच, पण इथला चीज स्लॉ म्हणून प्रकार आहे, किसलेलं गाजर, किसलेलं चीज आणि मेयॉनेज, ब्रेडमध्ये घालून. बाबांसाठी अंडं नको म्हणून मेयॉनेज वगळून घेतला आणि वर शेंगदाण्याची चटणी. उत्तम लागतं.

गुरुवार, सिल्व्हर्टन आणि कुंपण

सिल्व्हर्टन २५ किलोमीटर. चांदी आधी तिथे सापडली, तीन हजारांचं गाव झालं, मग ब्रोकन हिलला जास्त निघाली म्हणून लोक निघून गेले आणि जाताना घरं पण गाड्यांवर घालून ओढत घेऊन गेले. आता एक पब, काही गॅलऱ्या, गाढवं. पुढे मुंडी मुंडी लुकआउटवरून समोर नुसती सपाट जमीन, क्षितिजाला किंचित बाक आलाय असं वाटतं. इथे सूर्यास्त बघा पण परत येताना कांगारूंमुळे ४०-५० नेच गाडी चालवा.

पण गुरुवारची खरी गोष्ट ब्रोकन हिलच्या भोवतीचं कुंपण. शंभर वर्षांपूर्वी शहराभोवतीची सगळी झाडं खाणींच्या भट्ट्यांना आणि चुलींना तोडलेली, उरलेलं मेंढ्या, बकऱ्या, सशांनी खाल्लेलं, आणि धुळीची वादळं इतकी की घरांची कुंपणं वाळूखाली जायची. अल्बर्ट मॉरिस हा खाणीत धातूची प्रत तपासायचं काम करणारा माणूस, त्याला आणि त्याची बायको मार्गारेट हिला झाडांचा नाद. त्याचं म्हणणं सोपं होतं, नुसतं कुंपण घाला, जनावरं आणि ससे बाहेर ठेवा, बी मातीतच आहे, ते येईल. १९३६ पासून खाण कंपन्यांनी पैसे दिले, कुंपणं झाली, आणि खरंच आलं. मॉरिस १९३९ मध्ये गेला, पण ती राखीव पट्टी आज शहराला वळसा घालून उभी आहे. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभं राहून बघितलं की फरक दिसतो, आत मल्गाची झाडं, सॉल्टबुश, खाली पडलेला पाला, बाहेर उघडी माती. हे ऐकल्यावर बाबा लगेच म्हणाले, "चराईबंदी आन् कुऱ्हाडबंदी. हिवरे बाजारात हेच केलं की." तेच केलं. आणि तिथेही कोणी बाहेरून येऊन जादू केली नाही. बाबांनी तारेचं कुंपण वाकून नीट बघितलं, सशांसाठी खाली बारीक जाळी जमिनीत पुरलीय का ते पायाने माती सरकवून तपासलं. होती.

शुक्रवार, मेनिंदी

११० किलोमीटर, डांबरी रस्ता, आणि वाळवंटातून एकदम समोर तळी. पाण्यात उभी राहिलेली वाळलेली झाडं, त्यांच्यावर पाणकावळे, पेलिकन. एवढं सुंदर आणि इथेच डार्लिंग नदीत डिसेंबर २०१८ - जानेवारी २०१९ मध्ये आणि परत मार्च २०२३ मध्ये लाखोंच्या संख्येने मासे मेले, पाण्यातला ऑक्सिजन संपला. गावातल्या दुकानदाराशी बोललो, त्याच्याकडे त्या दिवसांचा विषय काढला की तो खिडकीकडे बघून बोलतो. वास आठवडाभर घरातून जात नव्हता म्हणाला. ब्रोकन हिलला २०१९ पासून पाणी मरे नदीवरून वेगळ्या पाइपने येतं, २७० किलोमीटर लांबून. शहराचं भलं झालं, पण मेनिंदीच्या लोकांना भीती ही की आता तळी भरलेली ठेवायची गरज शहराला उरली नाही. मला ही भीती खरी वाटते.

किंचेगा नॅशनल पार्कमध्ये लोकर कातरायची शेड आहे, १८७५ ची, रेड गमचं लाकूड आणि पत्रा. जवळपास शंभर वर्षांत साठ लाख मेंढ्या इथे भादरल्या. खांब आणि फळ्या लोकरीच्या तेलाने अजून गुळगुळीत आणि काळपट, हात लावला की कळतं.

गावाबाहेर दोस्त महंमदची कबर आहे. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणले त्यांच्याबरोबर आलेला हा एक शिपाई, नंतर इथेच राहिला. त्याच तुकडीत साम्ला नावाचा एक हिंदू होता, मोहिमेच्या शिध्यात त्याला चालेल असं जवळजवळ काहीच नव्हतं म्हणून त्याने मेनिंदीला पोचायच्या आधीच नोकरी सोडली. हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी डिकीतून दशमी काढली, अर्धी कबरीच्या कडेला ठेवली आणि हात जोडले. मी काही बोलले नाही.

शनिवार, वेंटवर्थ आणि मिल्ड्युरा

ब्रोकन हिलहून दक्षिणेला २६५ किलोमीटर, मधे फारसं काही नाही. वेंटवर्थला डार्लिंग मरेला मिळते, बघायला मनोरा आहे, वर चढलो की दोन नद्यांचे दोन रंग काही अंतर शेजारी शेजारी जाताना दिसतात. विल्कॅनियात बघितलेलं पाणी इथपर्यंत आलं होतं. बाबांनी खाली उतरून चूळ भरली.

नदी ओलांडून मिल्ड्युरा, म्हणजे व्हिक्टोरिया, आणि एकदम हिरवं, द्राक्षं, संत्री, बदाम. १८८७ मध्ये कॅलिफोर्नियाहून आलेल्या चाफी बंधूंनी इथे नदीचं पाणी पंपाने उचलून बागा वसवल्या. मळ्यात लांबच लांब जाळीच्या मांडण्या रिकाम्या उभ्या होत्या, बाबांनी विचारलं हे बेदाण्याचं का. हो, बेदाण्याचंच. आमचे तासगावचे पाहुणे बेदाणा करतात, द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात म्हणजे साल लवकर वाळते, ती पद्धत ऑस्ट्रेलियातूनच तिकडे गेलीय. बाबांनी तिथूनच तासगावला व्हिडिओ कॉल लावला आणि पाहुण्यांना मांडण्या दाखवल्या, अर्धा तास दोघं जाळीचं अंतर, थर किती आणि पावसाचं काय करतात ह्यावर बोलत होते आणि आम्ही गाडीत बसून वाट बघितली.

रविवार आणि सोमवार, परत

मिल्ड्युराहून 'हे' (Hay) नावाचं गाव, मग वाग्गा, सिडनी. 'हे' गावाचं मैदान इतकं सपाट की पाच किलोमीटरवरचा ट्रक दिसतो आणि येता येत नाही. वाग्गाला मुक्काम, सोमवारी दुपारी घरी.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. मे ते ऑगस्टमध्येच जा, डिसेंबर-जानेवारीत ४० च्या वर असतं आणि माश्या बोलू देत नाहीत. रात्री थंडी असते, स्वेटर न्या. साधी कार चालते, आम्ही गेलो तो सगळा रस्ता डांबरी आहे, फक्त किंचेगात कच्चा रस्ता लागतो आणि पाऊस झाला की ते रस्ते बंद करतात, तेव्हा जाऊ नका. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. प्रत्येक गावात पेट्रोल भरा, अर्धी टाकी असली तरी. किराणा, ब्रेड, फळं सिडनीहून भरून नेऊ नका, गावातल्या दुकानातून घ्या, थोडं महाग पडेल पण ती दुकानं अशाच गिऱ्हाइकावर चालतात. आणि विल्कॅनियाला थांबा.